माहेरची सुपं

त्या सुपांना शीलाने कोणाला हातसुद्धा लावू दिला नव्हता… आणि आज ती उन्नतीच्या मांडीवर होती!

शीला बाजारातून आली तेव्हा हातात दोन पिशव्या, घामाने ब्लाऊज पाठीला चिकटलेला, आणि दारातच तिचे पाय थांबले. हॉलमध्ये पंख्याखाली सासू द्रौपदीबाई चटईवर बसल्या होत्या आणि शेजारी धाकटी जाऊ उन्नती. दोघी मिळून बांबूच्या सुपांना हळदीची बोटं ओढत होत्या. पाचही सुपं तीच! वांगणीहून शीलाच्या आईने खास बुरडाकडून विणून पाठवलेली, माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली.

"शीले, आयलीस?" द्रौपदीबाई वर न बघताच म्हणाल्या. "जरा कुंकवाचा डबा दे गो. आणि ही बघ, पोरीचा हात कसा हलका चालतो."

शीलाने कुंकवाचा डबा दिला. काय बोलणार? छातीत असं काहीतरी पेटलं होतं की तोंड उघडलं असतं तर जाळच बाहेर आला असता. ती मुकाट्याने किचनमध्ये गेली, नळ फुल सोडला आणि नुसती उभी राहिली… भांडं नाही, काही नाही, नुसतं पाणी वाहतंय!

चिखलोलीच्या या घरात गौरीला नव्या सुनेचा ओवसा असतो. नवी सून पाच सुपांत काकडी, फळं, पालेभाजी, नारळ, खण भरते, गौरीसमोर सूप हलवते आणि मग ती सुपं वाण म्हणून वाटते. एक गौरीपुढे, एक सासूला, एक नवऱ्याला, एक माहेरच्या माणसाला, आणि शेवटचं भावकीतल्या सगळ्यात मोठ्या बाईला. त्या बाईने ते सूप घेतलं की ओवसा पुरा. मग ती सून खरी घरची! पण हा पहिला ओवसा दरवर्षी होत नाही. पंचांगात गौरीला पूर्वा नक्षत्र लागलं तरच. आणि एका गौरीपुढे पहिला ओवसा एकाच सुनेचा, दोघींचा नाही. हे घराचं जुनं चालत आलेलं.

शीलाचं लग्न झालं त्या वर्षी पूर्वा होती. पण श्रावणातच सासरे शंकरराव गेले. सुतक. पुढे पूर्वा आली तेव्हा द्रौपदीबाईंचं पोटाचं ऑपरेशन निघालं, आणि गौरी आल्या त्या दिवशी शीला उल्हासनगरच्या हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी बसून त्यांना चमच्याने पेज भरवत होती. तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, "पुढच्या पूर्वेला तुझा ओवसा असा करीन ना शीले, की अख्खी भावकी बघेल!" त्याच्या पुढची पूर्वा आली तेव्हा जुनं घर पाडून बिल्डिंग उभी राहत होती, गौर चुलत घरी बसली होती, आणि दुसऱ्यांच्या घरात आपला ओवसा कुठे मागायचा!

इतकी वर्षं गौरीचा सगळा राबता शीलाच्या अंगावर. तेरड्याची रोपं उपटून आणायची, चिखल धुवायचा, साडी नेसवायची, तांदळाच्या भाकऱ्या, तिखटाचा नैवेद्य, सगळं तिने करायचं… आणि भावकीतल्या बायका सुपं घेऊन उभ्या राहिल्या की ही मागे, आरतीचं ताट धरून! जिचा पहिला ओवसा झाला नाही तिने पुढचे ओवसे कसे करायचे? "तुझं राहिलंच ना गो अजून?" भावकीतल्या सगळ्यात मोठ्या इंदुकाकी दरवर्षी न चुकता विचारायच्या. दरवर्षी! जशी काही शीलाने सुट्टी मारली होती.

यंदा पूर्वा होती. शीलाने पंचांग मे महिन्यातच बघितलं होतं, वांगणीला आईला फोन केला होता, सुपं आली होती. बोलली मात्र कोणाला नाही. तिला वाटलं, सासूबाईंनी स्वतःहून म्हणावं… एवढंच तर हवं होतं तिला!

आणि मग जूनमध्ये धाकट्या प्रमोदने लग्न केलं.

उन्नती अंबरनाथ वेस्टची. बौद्ध घरातली, प्रमोदच्याच ऑफिसात कामाला. लग्नाच्या वेळी भावकीने किती तोंडं वाकडी केली! पण द्रौपदीबाई वाघिणीसारख्या उभ्या राहिल्या, "माझ्या पोराने आणली ती माझी सून, ज्याला जेवायचं नाय त्याने जेवू नये," म्हणून. तेव्हा शीलाला त्यांचा केवढा अभिमान वाटला होता! तिनेच तर उंबऱ्यावर माप ठेवलं होतं, तिनेच ओवाळलं होतं.

पण त्यानंतर घरात दुसरं नावच राहिलं नाही. उन्नती दमली असेल. उन्नतीला तिखट चालत नाही. उन्नतीने डेकोरेशन केलं बघा! यंदा गणपतीच्या मागे थर्माकोल नाही, कागदाची कमळं आणि आत लाईट. लोक फोटो काढायला येत होते. उन्नतीने मोदक ऑर्डर केले, चॉकलेटचे, आणि द्रौपदीबाई, ज्यांनी शीलाच्या मोदकाची कळी जरा वाकडी पडली तर सगळ्यांसमोर उचलून दाखवली होती, त्या चॉकलेटचा मोदक तोंडात घालून म्हणाल्या, "नवीन पद्धत पण बरी हाय गो!"

बरी हाय! शीलाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

सुपांना हळद लागली त्या रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगून बघितलं. नरेंद्र पापड मोडत म्हणाला, "अगं एका सुपावरून काय? पोरगी नवीन आहे. तू मोठी आहेस, समजून घे."

"मी किती मोठी होऊ अजून?" शीला म्हणाली. "सांगा ना, किती?"

तो पापड खात राहिला.

दुसऱ्या दिवशी गौरी आल्या. बिल्डिंगमागच्या उरलेल्या शेताच्या बांधावरून शीलानेच तेरडा उपटून आणला, आणि घरात शिरताना द्रौपदीबाईंनी तिच्या हातातून घेऊन उन्नतीच्या हातात दिला. "तू आण गो आत. नवी हायेस." उन्नतीने मागे वळून शीलाकडे बघितलं. काहीतरी बोलायचं होतं तिला. शीलाने तोंड फिरवलं. असू दे, बघू दे! गोड दिसायचं, हळू बोलायचं आणि दुसरीच्या ताटातलं उचलायचं, कळतं आपल्याला सगळं.

आणि मग पूजेचा दिवस.

सकाळपासून किचनमध्ये वाफ नुसती. शीला भाकऱ्या थापत होती. बाहेर द्रौपदीबाई उन्नतीला स्वतःच्या हाताने नऊवारी नेसवत होत्या, त्यांची स्वतःची, लग्नातली हिरवी! ती साडी शीलाने फक्त कपाटात बघितली होती. दर वर्षी उन्हात घालायची, डांबरगोळ्या बदलायच्या, परत घडी करून ठेवायची. अंगाला कधी लावून बघायची पण हिंमत झाली नव्हती.

थोड्या वेळाने उन्नती आत आली. निऱ्या सावरत, अवघडत, कपाळावर घाम. पण दिसत होती… शीलाला कबूल करावंच लागलं, खूप सुंदर दिसत होती. त्याने तर आणखी जळलं!

"ताई," उन्नती हळूच म्हणाली, "ते सूप हलवायचं कसं असतं? आई म्हणाल्या, शीलाला विचार, ती दाखवेल."

शीलाच्या हातातली भाकरी तव्याच्या कडेवर पडून फाटली.

"मी दाखवू?" ती वळली. "मी? मला काय माहीत! मी कधी हलवलंय? माझ्या हातात दिलंय कोणी सूप? सुपं माझी, माझ्या आईने पाठवलेली, साडी मी जपलेली, तेरडा मी उपटलेला, आणि शिकवू पण मीच? एवढी वर्षं या घरात हाडं झिजवली माझी, तू आलीस कधी, तीन महिने नाही झाले! आणि असंही, हा सण तुमच्यातला तरी आहे का? तुमच्यात नाहीच ना हे! मग कशाला मधे मधे!"

बोलून झालं आणि शीलाच्याच कानात ते वाजलं.

तुमच्यात… तुमच्यात!

हे ती काय बोलली? हे तर इंदुकाकी बोलायच्या. हे तर ते लोक बोलायचे जे लग्नात जेवायला आले नव्हते. शीलाला म्हणायचं होतं की हे माझं आहे, मला दे, माझं किती दिवसांचं राहिलंय… आणि तोंडातून निघालं हे! तवा धुरायला लागला होता. दोघींपैकी कोणीच गॅस बंद केला नाही.

उन्नतीचा चेहरा पांढरा पडला. पण ती रडली नाही. तिने मान वर केली.

"बरोबर आहे ताई. आमच्यात नाहीच हे. माझ्या आजीच्या वडिलांनी छप्पन साली हे सगळं सोडलं, गौरी पण, गणपती पण. शपथ घेऊन सोडलं. माझी जनी आजी मला निघताना एकच बोलली. कोणाच्या देवाचा अपमान करायचा नाही, पण आपण हात जोडायचे नाहीत. बस. आणि मी इथे नऊवारी नेसून उभी आहे!" तिचा आवाज फाटला. "मला नकोय हे सूप! पहिल्या दिवसापासून नकोय! डेकोरेशन केलं कारण मला सजवायला आवडतं. पण ओवसा… रोज मी आईंना सांगायला जाते आणि त्या मला जवळ घेतात, माझ्यासाठी त्यांनी सगळ्यांशी भांडण घेतलंय, कसं सांगू? वाटलं तुम्हाला सांगावं. तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता. मला वाटलं… मला वाटलं तुम्हाला माझा स्पर्श नको असेल. आज कळलं."

"नाही गं!" शीला ओरडलीच. "तसं नाही! देवाशपथ तसं नाही! मी… मला फक्त जळत होतं!"

"मग तेच बोलायचं ना ताई! जळतंय बोलायचं. ते वाक्य बाहेर खूप जणी बोलल्यात मला. तुमच्या तोंडून नको होतं."

दारात काहीतरी हललं. द्रौपदीबाई उभ्या होत्या, चौकटीला धरून. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे! त्या आत आल्या, आधी गॅस बंद केला, मग ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या.

"चूक माझी हाय," त्या म्हणाल्या. "भावकी बोलत होती, त्या पोरीचा हात गौरीला लागला तर आम्ही येनार नाय. माना राग आला. मी बोलले, हिच्याच हातचं वाण द्यायला लावते एकेकीला, मग बघते कोन बोलते! त्या रागात हिला विचारलं नाय, तुझ्या घरात काय चालतं, काय नाय. आणि तुला…" त्यांनी शीलाकडे बघितलं आणि नजर खाली गेली. "तुझा ओवसा राहिलाय हे मी विसरले नव्हते शीले. आठवत होतं. पन मी बोलले, शीला काय, शीला माझीच हाय. तिला काय विचाराचं!"

"विचारायचं होतंत आई!" शीलाच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पिठाच्या हाताने पुसल्या तर गालावर पीठ. "मी दिला असता! खरंच दिला असता, आत्तापर्यंत काय नाही दिलं? पण विचारायचं होतंत! जी कधी नाही म्हणत नाही तिला कोणी विचारतच नाही… तिलाही वाटतं ना हो, कोणीतरी एकदा विचारावं!"

द्रौपदीबाईंनी पदराने तिचा गाल पुसला. पीठ आणखीच पसरलं.

"मग आता विचारते. करशील ओवसा? आज?"

शीलाने उन्नतीकडे बघितलं. उन्नती आधीच नऊवारीचा काष्टा सोडायला लागली होती.

"बघताय काय ताई?" ती नाक ओढत म्हणाली. "घ्या ना ही साडी. मला श्वास पण घेता येत नाहीये यात."

तिनेच शीलाला नेसवली, मोबाईलवर व्हिडिओ लावून, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. बोललेलं मागे घेता येत नाही, हे शीलाला कळत होतं. माफी मागायला तिने तोंड उघडलं तर उन्नती पिन दातात धरून एवढंच म्हणाली, "हलू नका."

दुपारी भावकी जमली. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. कागदाच्या कमळांमध्ये गौर बसलेली, तेरड्याची गुलाबी फुलं मुकुटातून डोकावत होती. उन्नती साध्या ड्रेसमध्ये भिंतीजवळ उभी होती, हात मागे घेऊन. बायकांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा शीलाच्या हिरव्या साडीकडे, आणि कुजबुज सुरू झाली.

शीलाने भरलेलं सूप उचललं. द्रौपदीबाईंनी पाठीमागून तिच्या कोपरांना आधार दिला, "असं… जरा पुढे, मग मागे…" आणि सूप हललं. इतक्या वर्षांचं अडकलेलं काहीतरी आतून सुटलं! शीलाने डोळे मिटले. किती जड असतं हे सूप, आणि किती हलकं वाटतं!

मग वाण. एक सूप गौरीपुढे. एक सासूला. द्रौपदीबाईंनी गळ्यातली पोत काढून सरळ शीलाच्या गळ्यात घातली आणि तिचं डोकं छातीशी धरलं. एक नरेंद्रला. तो उगाचच खाली बघत होता, आणि सूप घेताना हळूच म्हणाला, "चुकलं माझं." एक वांगणीहून आलेल्या भावाला, कमलेशला.

राहिलं शेवटचं. शीला सूप घेऊन इंदुकाकींसमोर आली. त्या खुर्चीत बसल्या होत्या, नथ सारखी करत. त्यांनी हात पुढे केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या,

"बरं केलंस गो शीला! मी बोललेच होते सगळ्यांना, थोरली हाय तोवर काळजी नाय. त्या पोरीला हात लावू दिला नायस ना? शेवटी आपली ती आपली. द्रौपदीला अक्कल नाय, तुला हाय. दे, दे सूप!"

बायकांच्या माना भिंतीजवळच्या उन्नतीकडे वळल्या.

शीलाच्या कानात सकाळचं तेच वाजलं. तेच, स्वतःचं. या बाईला वाटतंय मी तिच्यातली! आणि का वाटणार नाही? सकाळी तव्यासमोर उभी राहून तिचंच तर बोलली मी… दोन बोटांच्या अंतरावर इंदुकाकींचे हात होते. सूप ठेवलं की झालं. ओवसा पुरा. पुढच्या वर्षीपासून ताट धरून मागे उभं राहायचं नाही. कोणी विचारणार नाही, तुझं राहिलंच ना गो अजून. फक्त ठेवायचं होतं. आणि गप्प राहायचं होतं. गप्प राहणं तिला किती छान जमायचं!

शीलाने सूप मागे घेतलं.

"काकी, मी तिला हात लावू दिला नाही असं नाही," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "तिने तिच्या घरचा शब्द पाळला. माझा ओवसा होता, मी केला. आणि जिला माझ्या जावेचा हात नको, तिला माझं वाण पण नको."

"अगो, शेवटचं सूप हाय ते!" इंदुकाकी खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "मी घेतलं नाय तर तुझा ओवसा अर्धा! अर्धा राहील, समजतंय काय? पुढची पूर्वा कवा येल ती येल, तवर तू तशीच!"

"समजतंय."

आणि ती वळली, बायकांच्या मधून वाट काढत भिंतीपाशी गेली, आणि उन्नतीसमोर सूप धरलं. थोरली जाऊ धाकटीला वाण देते, असं या घरात कधी कोणी बघितलं नव्हतं.

"ताई, वेड्या आहात का?" उन्नती कुजबुजली. डोळे भरून आले होते तिचे. "द्या त्यांना. मला आता सवय झालीये त्यांच्या बोलण्याची. तुमचं किती वर्षांचं…"

"तुला सवय झालीये, तेच मला नकोय."

"मी हात जोडणार नाही हं."

"जोडू नको. नुसतं धर. जड आहे, हात दुखायला लागले माझे!"

उन्नतीने सूप धरलं. दोघींच्या हातात ते थोडा वेळ तसंच राहिलं. सकाळचं वाक्य कुठे गेलं नव्हतं, ते राहणारच होतं, पण आता त्याच्यावर हे पण होतं.

इंदुकाकी उठल्या, चपला घातल्या आणि न जेवता निघाल्या. त्यांच्यामागे आणखी काही जणी गेल्या. पण सगळ्या नाही! खूप जणी बसून राहिल्या, एकमेकींकडे बघत, आणि कोणीतरी मागून म्हणालं, "भूक लागली बाय, पानं वाढा."

"अगं, वाण घेतलंस तर काहीतरी द्यावं लागतं परत," द्रौपदीबाई उन्नतीला म्हणाल्या, पदराने नाक पुसत. "रिकाम्या हाताने नसतं घेत."

उन्नतीने इकडेतिकडे बघितलं. ड्रेसला खिसा पण नव्हता.

"ताई," ती म्हणाली, "पावसाळ्याचे तीन महिने आजी विहारात ग्रंथ ऐकायला जाते. आश्विन पौर्णिमेला त्याची समाप्ती असते. सगळ्यांसाठी खीर असते, खूप मोठं पातेलं. आजी शेजारी कोणालाच बसू देत नाही, फक्त मी बसते. यंदा तुम्ही या. माझ्या जागेवर बसा."

शीलाने मान हलवली, हो, हो.

"वा!" मागून द्रौपदीबाईंचा आवाज आला, एकदम चिडका, लहान पोरीसारखा. "ही हिला बोलवते, ती लगेच चालली! आणि मी? मी काय घरी बसून भिंती बघू? शीलेला बरी जागा देते गो तू, माना नाय दिलीस ती!"

उन्नती रडता रडता हसली. शीलाने मात्र सासूकडे वळून बघितलं आणि बघतच राहिली… त्या फुगलेल्या, रागावलेल्या, म्हाताऱ्या चेहऱ्यावर तिला तेच दिसत होतं जे इतके दिवस तिच्या स्वतःच्या पोटात जळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिच्यावर जळत होतं!